नव्वदीच्या आजोबांचा दाखला

"आमचे आजोबा रोज बंडलभर विड्या ओढायचे. ब्याण्णव वर्षं जगले, शेवटपर्यंत हातात काठी आली नाही." हे वाक्य चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडच्या बाकावर, लग्नाच्या मांडवात, कुठेही कानावर पडतं. त्याला जोडूनच दुसरं येतं: "आणि तो अमका बघा. रोज पहाटे पळायचा, सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नव्हतं. चाळिशीत गेला." मग तिसरं, विषयावर पडदा टाकणारं: "सटवाईनं लिहून ठेवलेलं कुणाला चुकलंय? जे व्हायचं ते होतंच." ऐकणारे माना डोलावतात. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं, मीठ कमी करणं, तंबाखू सोडणं हे सगळं तिथल्या तिथे निकालात निघतं.

या युक्तिवादाला हसून भागणार नाही. तो करणाऱ्यांत शिकलेली माणसं असतात, कधी कधी स्वतः दोन स्टेंट घातलेली. त्यामागे पुष्कळदा दुःखही असतं. सगळं नीट करणारा भाऊ अकाली गेला, तर 'त्याचं काय चुकलं' या प्रश्नाला 'काहीच नाही, त्याची वेळ आली होती' एवढंच उत्तर सोसवतं. पण दिलासा म्हणून बोललेली गोष्ट वागण्याचा नियम होऊन बसली, की तिची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागते. भारतात मृत्यूच्या कारणांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार पहिला आहे, आणि श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा आजार, डॉक्टर ज्याला सीओपीडी म्हणतात तो, दुसरा. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला अटॅक साधारण ५३ व्या वर्षी आलेला आढळला. इतर देशांत तेच वय ५९ च्या आसपास होतं. त्रेपन्नाव्या वर्षी घराचे हप्ते चालू असतात, धाकट्याचं शिक्षण व्हायचं असतं. त्या वयातल्या माणसाला 'जे व्हायचं ते होतंच' असं सांगणं म्हणजे त्याच्या हातात असलेली गोष्ट त्याच्या हातून काढून घेणं आहे.

आजोबांपासूनच सुरुवात करू.

ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली तिथल्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवून विचारलं, की तुम्ही धूम्रपान करता का, आणि किती? चाळीस हजारांवर डॉक्टरांची उत्तरं आली. त्यांतल्या ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा माग पुढची पन्नास वर्षं ठेवला गेला. कोण कधी गेला, कशानं गेला, मधल्या काळात कुणी सिगारेट सोडली, हे सगळं टिपलं गेलं, आणि २००४ मध्ये अर्धशतकाचा हिशेब छापून आला. १९२० च्या दशकात जन्मलेल्या डॉक्टरांचे आकडे पाहा. वयाच्या पस्तिशीला उभे असलेले शंभर ओढणारे घेतले, तर त्यांतले ४३ सत्तरी गाठायच्या आत गेले. कधीच न ओढणाऱ्या शंभरांतले १५.

आता याच आकड्यांत आजोबांना शोधू. शंभरांतले ४३ गेले, म्हणजे ५७ जण सत्तरी ओलांडून पुढे गेलेच. विडी ओढून म्हातारं झालेलं माणूस शास्त्राला खोटं पाडत नाही. शास्त्रानं त्याची जागा आधीच मोजून ठेवलेली आहे. टपरीवर चर्चा होते ती या सत्तावन्नांची, कारण तेच आपल्या आठवणीत मिशा पिळत, नातवंडांना गोष्टी सांगत बसलेले असतात. उरलेल्या त्रेचाळिसांना नातवंडं भेटलीच नाहीत. घराघरांत एक चुलत आजोबा असतात, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शेतातून घरी आले, छातीत कळ आली, तास-दोन तासांत संपले. त्यांची आठवण निघते तेव्हा 'गॅस धरला होता' असं सांगितलं जातं. तेही बंडलभरच ओढायचे, हे कुणी बोलून दाखवत नाही.

विडीबद्दल आणखी एक समजूत आहे, की ती पानाची, आपल्या मातीतली, म्हणून सिगारेटपेक्षा सौम्य. तेंदूचं पान भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या जंगलातलं असतं हे खरं. पण विडी सारखी विझते, म्हणून ती जोरानं आणि वरचेवर ओढावी लागते, आणि धूर खोलवर जातो. प्रभात झा आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी देशभरातल्या अकरा लाख घरांतल्या मृत्यूंची चौकशी करून २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. विडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सरासरी सहा वर्षांनी कमी होतं, विडी ओढणाऱ्या बायकांचं आठ वर्षांनी, सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचं दहा वर्षांनी. पानाच्या विडीला एवढीच सवलत आहे.

आणि आजोबांच्या विडीचं बोलायचं, तर त्यांच्या पायांचंही बोलायला हवं. दिवसभर औतामागे चालणं, आठवड्याच्या बाजाराला तालुक्याला पायी जाऊन पायी परतणं, विहिरीचं पाणी खांद्यावरून आणणं, रात्री भाकरी आणि कोरड्यास खाऊन दिवेलागणीनंतर लवकरच आडवं होणं, हे त्यांचं आयुष्य होतं. नातवानं त्यातली विडी तेवढी उचलली. बाकीचं सगळं मोटारसायकल, कार्यालयातली खुर्ची आणि रात्री साडेदहाचं जेवण यांनी पुसून टाकलं. असं असताना आजोबांच्या आयुष्याचा दाखला नातवाला लागू कसा होणार?

हालचालीनं किती फरक पडतो, हे लंडनच्या दुमजली बसमध्ये दिसलं. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये तिथल्या परिवहन कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. एकाच बसवर, सारख्याच वस्तीतून आलेले दोन प्रकारचे लोक कामाला होते. ड्रायव्हर पाळीभर बसून असे, कंडक्टर जिन्यावरून वरखाली करत दिवसाकाठी पाचशे-सहाशे पायऱ्या चढे. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, आणि झाला तरी पहिल्याच झटक्यात जाणारे त्यांच्यात कमी होते. शंका काढणाऱ्यांनी विचारलं, की ड्रायव्हरच्या नोकरीत मुळातच जाड माणसं येत असतील तर? मॉरिस यांनी ती शंका झटकली नाही. त्यांनी गणवेशांच्या कमरेची मापं काढून पाहिली, आणि ड्रायव्हर नोकरीला लागतानाच थोडे अधिक रुंद होते असं स्वतःच जाहीर केलं. पण टपाल खात्यात दारोदार फिरणारे पोस्टमन आणि टेबलावरचे कारकून यांची तुलना केली, तिथेही चालणाऱ्यांचंच पारडं जड निघालं. नंतरच्या सत्तर वर्षांत जगभर झालेल्या अभ्यासांनी हेच पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. मॉरिस स्वतः ९९ वर्षांचे होऊन वारले, पण त्यांच्या वयाचा पुरावा म्हणून उपयोग करता येत नाही. एका माणसाच्या आयुष्यावरून काहीच सिद्ध होत नाही, मग तो आपल्या बाजूचा असला तरी.

हाच नियम दुसऱ्या दाखल्याला लावायचा. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये कन्नड चित्रपटांचे लाडके नट पुनीत राजकुमार ४६ व्या वर्षी, व्यायामानंतर अस्वस्थ वाटू लागल्यावर काही तासांत गेले. बंगळुरूच्या रुग्णालयांत हृदयाच्या तपासणीसाठी रांगा लागल्या. व्यायामानं माणूस मरतो, असा अर्थ लोकांनी काढला.

अमेरिकेत याच अर्थासाठी जिम फिक्स यांचं नाव चार दशकं घेतलं जात आहे. पळण्याचा छंद देशभर पोचवणारं पुस्तक त्यांनी १९७७ मध्ये लिहिलं, आणि १९८४ मध्ये व्हर्माँट राज्यात पळतानाच, वयाच्या ५२ व्या वर्षी ते हृदयविकारानं गेले. एवढंच सांगून लोक थांबतात. फिक्स पस्तिशीपर्यंत दिवसाला दोन पाकिटं सिगारेट ओढत होते आणि वजन शंभर किलोच्या घरात होतं. त्यांच्या वडिलांना पस्तिसाव्या वर्षी अटॅक आला होता आणि ते ४३ व्या वर्षी वारले होते. शवविच्छेदनात फिक्स यांच्या हृदयाच्या तीनही मुख्य रक्तवाहिन्यांत मोठे अडथळे सापडले. तसल्या रक्तवाहिन्या घेऊन हा माणूस वडिलांपेक्षा नऊ वर्षं जास्त जगला. पळण्यानं त्यांना मारलं, हे म्हणणं या तपशिलापुढे टिकत नाही. पळतो म्हणजे तपासणीची गरज नाही, असं मात्र कुणी समजू नये, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

एकदम केलेल्या श्रमानं त्या घटकेपुरता धोका वाढतो, हे खरं आहे आणि ते लपवण्याचं कारण नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अटॅक आलेल्या बाराशेवर रुग्णांना विचारलं, की त्याच्या आधीच्या तासात काय करत होता? एरवी आठवड्यातून एकदाही अंग न हलवणाऱ्यानं अचानक जोराचे श्रम केले, तर त्या तासाभरात त्याचा धोका एरवीच्या शंभरपटीवर जात होता. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत तो जेमतेम अडीचपट होत होता. म्हणजे भीती धरायचीच तर वर्षभर खुर्चीत बसून एका रविवारी मित्रांच्या हट्टाखातर कळसूबाई चढायला जाण्याची धरावी. रोज अर्धा तास पाय उचलून चालणारा माणूस त्या एका तासासाठीच अंगाला तयार करत असतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे मिनिटांची मध्यम हालचाल मागते. तिच्याच संशोधकांनी २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार निम्म्या भारतीय प्रौढांची तेवढीही होत नाही. त्यांत बायका अधिक आहेत, ५७ टक्के. घरात दिवसभर राबणाऱ्या बाईला 'तुझं काम म्हणजेच व्यायाम' असं सांगणाऱ्यांनी या आकड्यापाशी थांबून विचार करावा.

तिसरा दाखला रक्ताचा. "आमच्या घराण्यातच आहे. वडिलांना झाला, काकांना झाला, आता माझा नंबर." अनुवंशाचा वाटा असतो, त्यात शंका नाही. पण तो अटळ असतो का, हे २०१६ मध्ये पंचावन्न हजारांवर लोकांच्या जनुकीय माहितीवरून तपासलं गेलं. जन्मतःच सर्वांत जास्त धोका घेऊन आलेल्या गटात दोन प्रकारची माणसं होती. काहींच्या अंगी चांगल्या सवयी होत्या: तंबाखू नाही, लठ्ठपणा नाही, नियमित हालचाल, बरा आहार. त्यांना हृदयविकाराचा त्रास होण्याचं प्रमाण, तशाच जनुकांच्या पण वाईट सवयींच्या माणसांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी होतं. रक्त तेच राहूनही फळ जवळजवळ निम्म्यावर आलं. इंटरहार्टनं पहिल्या अटॅकचा हिशेब मांडला तेव्हा धूम्रपान, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्या, हालचाल आणि मद्यपान या नऊ गोष्टींत पुरुषांचा ९० टक्के आणि स्त्रियांचा ९४ टक्के धोका सामावला होता. या नवांतली प्रत्येक गोष्ट हाताळता येते, काही सवयीनं, काही गोळीनं. शिवाय वडिलांकडून मुलाकडे जनुकांबरोबर स्वयंपाकघरही येतं. तोच मिठाचा हात, जेवणानंतरची तीच तंबाखू, तोच रागाचा पारा. घराण्यात आहे, हे तर लवकर सुरुवात करण्याचं कारण झालं.

डॉ. अभय बंग यांच्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकानं मराठी घरांत हेच काम केलं. गडचिरोलीत लोकांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या या डॉक्टरलाच १९९५ मध्ये, पंचेचाळिशीच्या आत, हृदयविकारानं गाठलं. त्यांनी उपचार घेतले, आणि त्याबरोबर आहार, चालणं, योग, ध्यान यांनी उरलेलं आयुष्य नव्यानं बांधलं. हजारो वाचकांनी ते पुस्तक नातलगांच्या हाती दिलं, अटॅक येऊन गेल्यावर. ते आधी दिलं जायला हवं होतं.

आता थोडं घरात शिरू. सवयी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जिम आणि ओट्सचं पाकीट येतं, पण या आजारांची पाळंमुळं पुष्कळदा ओट्याशेजारी असतात. मीठ घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा. सरासरी भारतीय आठ ग्रॅमच्या आसपास खातो. आपल्याकडे पान वाढताना सगळ्यात आधी मीठ वाढायची रीत आहे. त्यावर लोणचं, वर पापड, आणि पापडात मिठाशिवाय पापडखार. तोही सोडियमचाच क्षार. चहाबरोबरची खारी, मधल्या वेळचा फरसाण, वडापावातला पाव, या सगळ्यांत ते असतं, फक्त जिभेला वेगळं जाणवत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांत २४ टक्के आणि बायकांत २१ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला किंवा औषधांखाली होता. भाजीतलं मीठ हळूहळू कमी केलं तर काही आठवड्यांत जीभ सरावते आणि जुनी चव खारट लागू लागते. घरात एकट्या सासऱ्यांची भाजी अळणी करणं म्हणजे त्यांना शिक्षा केल्यासारखं होतं. सगळ्यांचीच कमी केली तर कुणाला कळतही नाही.

फुप्फुसांची गोष्ट आणखी दुर्लक्षित, कारण छाती दुखत नाही. महाराष्ट्रात तंबाखू ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे, चोळणारे कितीतरी जास्त आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ओढणारे चार टक्क्यांच्याही खाली होते आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४ टक्क्यांच्या वर. ती धूरविरहित म्हणवणारी तंबाखूही दरवेळी तशी नसते. मशेरी कशी करतात ते पाहिलेल्याला हे माहीत आहे. तवा तापवून त्यावर तंबाखूची पानं पसरायची, ती काळी पडेपर्यंत परतायची, मग चुरून डबीत भरायची. त्या वेळी घरात जो धूर कोंडतो तो डोळ्यांना आणि घशाला झोंबतो, परतणारी पदरानं नाक झाकते, आणि कडेवरचं पोर ठसकत राहतं. त्या पोराच्या हातात कुणी विडी दिलेली नसते. निकोटीन हिरडीतून रक्तात गेलं तरी नाडी आणि रक्तदाब वाढवतंच, त्यामुळे मशेरी लावणारीचं हृदयही यातून सुटत नाही. तीच गोष्ट रात्रीची. दारं-खिडक्या लावून डासांची कॉइल पेटवली जाते. एक कॉइल जळून संपेपर्यंत जेवढे सूक्ष्म कण हवेत सोडते ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुरातल्या कणांइतके भरले, असं एका मोजणीत आढळलं होतं. मच्छरदाणी महाग नाही.

"आता साठी उलटली, आता सोडून काय फायदा?" या प्रश्नाचं उत्तर चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांनी १९७७ मध्ये दिलं. लंडनच्या ७९२ कामकरी पुरुषांना आठ वर्षं वेळोवेळी छाती भरून जोरात फुंकायला लावून, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते हे त्यांनी मोजलं. तरुणपणानंतर ही ताकद प्रत्येकाचीच दरवर्षी थोडी घटते. ज्यांना धूर बाधतो त्यांची ती झपाट्यानं घटते, आणि निम्मी जाईपर्यंत माणसाला फारसं काही जाणवत नाही. जिना चढताना धाप लागली तर 'वय झालं' म्हणून तो पुढे जातो. ज्यांनी सिगारेट सोडली त्यांची गेलेली ताकद परत आली नाही, पण घसरणीचा वेग न ओढणाऱ्याइतका झाला. पन्नाशीत सोडली तरी, साठीत सोडली तरी. डॉल यांच्या डॉक्टरांतही हेच दिसलं: साठीला सोडणाऱ्याला सरासरी तीन वर्षं मिळाली, पन्नाशीला सहा, चाळिशीला नऊ, तिशीला जवळजवळ सगळी दहा. उशीर म्हणजे हातातली वर्षं कमी, एवढाच त्याचा अर्थ आहे.

अलीकडे शहरांत नवा युक्तिवाद ऐकू येतो. "या हवेत श्वास घेणं म्हणजेच सिगारेट ओढणं, मग माझी सोडून काय होणार?" बर्कले अर्थ या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एक ढोबळ हिशेब मांडला आहे: हवेत सूक्ष्म कणांचं प्रमाण घनमीटरला २२ मायक्रोग्रॅम असेल तर दिवसभराचा श्वास एका सिगारेटइतका बाधतो. त्या मानानं ४४ मायक्रोग्रॅमच्या शहरात दोन सिगारेटी वाट्याला येतात. स्वतःच्या दहा धरल्या तर बारा. बाहेरच्या दोन चुकवता येत नाहीत म्हणून स्वतःच्या दहा ओढणं हा कुठला न्याय? दुसरीकडे, रोजची एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही वीस ओढणाऱ्याच्या वाढीव हृदयधोक्यापैकी जवळपास निम्मा सोसावा लागतो, हे २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका मोठ्या आढाव्यानं दाखवलं. म्हणून 'मी दोनवर आणलीय' हे समाधान खोटं आहे. हृदयासाठी शून्यच हवं. आणि त्याच कारणानं हवेतल्या त्या दोन सिगारेटींचा जाबही महापालिकेला, बांधकाम करणाऱ्यांना, उद्योगांना विचारायलाच हवा. स्वतःची सोडलेल्या माणसाचा आवाज तिथे जास्त खणखणीत निघेल.

इथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टपरीवरच्या गप्पांसारखा सोडून देण्यासारखा नाही. सवयींचं बोलणं म्हणजे आजाराचा दोष आजाऱ्याच्याच माथी मारणं, असं कित्येक सामाजिक कार्यकर्ते म्हणतात. ऊसतोड कामगाराला आठवड्याला दीडशे मिनिटं चाला असं सांगायचं? जिच्या घरी गॅसची टाकी भरायला पैसे नाहीत तिला चूल पेटवू नको म्हणायचं? पदपथ टपऱ्यांनी आणि गाड्यांनी भरलेल्या शहरात चालायचं कुठे? हे प्रश्न खरे आहेत. चुकतो तो त्यातून निघणारा निष्कर्ष, की म्हणून सवयींचं बोलूच नये. जेफ्री रोझ या ब्रिटिश डॉक्टरांनी १९८५ मध्येच दाखवून दिलं होतं, की मोजक्या अतिधोक्याच्या माणसांमागे लागण्यापेक्षा सगळ्या समाजाचा रक्तदाब, सगळ्यांचं मीठ थोडंसं खाली आणलं तर जास्त जीव वाचतात. असं सगळ्यांचं मिळून बदलणं शक्य आहे का, हे फिनलंडच्या एका कोपऱ्यानं करून दाखवलं.

नॉर्थ कारेलिया हा रशियाच्या सीमेलगतचा, लाकूडतोड्यांचा आणि दुग्धव्यवसायाचा गरीब प्रांत. १९६० च्या दशकात तिथले कर्ते पुरुष हृदयविकारानं पटापट जात होते. लोण्याचे जाड थर लावलेला पाव, खारवलेलं मांस, भाज्यांचा दुष्काळ, आणि बहुतेकांच्या तोंडी सिगारेट. १९७१ मध्ये तिथल्या लोकप्रतिनिधींनी सरकारकडे अर्ज करून मदत मागितली, आणि १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू झाला. त्यांनी दवाखान्यात बसून उपदेश केला नाही. मार्था या गृहिणींच्या संघटनेनं गावोगाव एकत्र जेवणाच्या संध्याकाळी भरवल्या, तिथे नेहमीचेच पदार्थ कमी लोणी, कमी मीठ आणि जास्त भाज्या घालून रांधले. सिगारेट सोडण्याच्या स्पर्धा गावागावांत लागल्या. सॉसेज करणाऱ्या कारखान्यानं त्यातली थोडी चरबी काढून अळंबी घातली. लोण्याची मागणी घटली तेव्हा शेतकरी रागावले, ते साहजिकच होतं. मग त्यांना स्थानिक बेरींची लागवड आणि विक्री यांसाठी आधार दिला गेला. दवाखान्यांत रक्तदाब नेमानं मोजला जाऊ लागला. पुढच्या चार दशकांत तिथल्या कर्त्या वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. औषधोपचारही त्या काळात सुधारले होते, पण घटीतला जवळजवळ दोन-तृतीयांश वाटा रक्तातली चरबी, रक्तदाब आणि धूम्रपान खाली आल्याचा होता. माणसं तीच होती, घराणी तीच, जनुकं तीच.

आपल्याकडेही याची सुरुवात आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. तिची अंमलबजावणी किती होते हे कोणत्याही पानाच्या गादीवर उभं राहिल्यावर कळतं, आणि त्याचा जाब विचारायला हवा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमात राज्यातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे जिल्हे सुरुवातीपासून होते. ठरावीक स्वस्त गोळ्या, महिन्याभराचा साठा एकदम, घराजवळच्या उपकेंद्रात तपासणी, आणि रुग्ण आला नाही तर त्याची चौकशी, एवढा साधा बेत. गोळी नियमित घेणं हीही दात घासण्याइतकीच रोजची सवय आहे. 'बीपी नॉर्मल आलं, आता बंद केली' हे वाक्य ज्यांच्या घरात ऐकू येतं, त्यांनी ते त्याच क्षणी खोडून काढावं. बीपी नॉर्मल आलं ते गोळीमुळे.

राहिला शेवटचा युक्तिवाद, बिनधास्त जगणाऱ्यांचा. "दहा वर्षं कमी जगू, पण मजेत जगू." यात असं गृहीत धरलेलं असतं, की गमावायची दहा वर्षं म्हणजे अंथरुणावरची, परावलंबी, नकोशी. हिशेब उलटा आहे. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात १९३९ आणि १९४० मध्ये शिकलेल्या १,७४१ जणांच्या सवयींचा आणि प्रकृतीचा माग उतारवयापर्यंत ठेवला गेला. ज्यांनी धूम्रपान, वजन आणि व्यायाम नीट सांभाळले होते त्यांना परावलंबन पाच वर्षांहून अधिक उशिरा आलं, आणि आयुष्यभरात वाट्याला आलेल्या एकूण अपंगत्वाचं ओझं इतरांच्या निम्मं होतं. सवयी न सांभाळणाऱ्यांची चांगली वर्षं आधी गेली आणि वाईट वर्षं लांबली. सीओपीडीचा माणूस एकदम मरत नाही. तो बाथरूममध्ये स्टुलावर बसून दोन दमांत आंघोळ करतो. मोजे घालायला वाकला की थांबतो. ओठ आवळून श्वास सोडत बसतो, आणि रात्री आडवं झालं की जीव घुसमटतो म्हणून उशांना टेकून झोपतो. असं तीन-चार नव्हे, कधी कधी पंधरा वर्षं चालतं. त्याच्या ऑक्सिजनच्या यंत्राचं वीजबिल, रात्रीची जाग, दर हिवाळ्यातला दवाखाना हे सगळं सून, मुलगी, नाहीतर बायको सोसते. 'मजेत जगू' म्हणताना तिला कुणी विचारलेलं नसतं.